बंद पडलेल्या ग्रूमरचं कुणाला सांगायचं?

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात घरातल्या मशीनांचं जे सदर येतं ते मी न चुकता वाचतो. मोबाईल हँग झाला तर काय, वॉशिंग मशीन उड्या मारायला लागलं तर काय, इअरफोनचा एकच कान चालतो तर काय, सगळं येऊन गेलं त्यात, पण बॉडी ग्रूमर, म्हणजे अंगावरचे केस कापायचं ते छोटं मशीन, चालू होत नाही तर काय करायचं हे एकदाही आलेलं नाही आणि येईल असं वाटतही नाही, कारण लोक ते विचारतच नाहीत. विचारायचं तरी कसं? ट्रिमर म्हटलं की तो दाढीचा, चारचौघांत काढून दाखवता येतो. ग्रूमर म्हटलं की समोरचा आधी तुमच्याकडे बघतो, मग मशीनकडे बघतो आणि पुढे केलेला हात हळूच मागे घेतो. म्हणून हे पत्र.

मी मेकॅनिक नाही. छोटी मशीनं उघडून बघायचा नाद आहे एवढंच, त्यामुळे नात्यातल्या आणि ओळखीतल्या लोकांच्या बंद पडलेल्या वस्तू आपोआप माझ्या टेबलावर येऊन पडतात. इस्त्री, टॉर्च, पंखा हे सगळं उघड्यावर येतं. ग्रूमर मात्र कायम पिशवीत गुंडाळलेला, ती पिशवी आणखी एका पिशवीत, आणि सोबत "मित्राचा आहे" हे वाक्य ठरलेलं. माझ्याकडे आत्तापर्यंत जेवढे आले ते सगळे मित्रांचेच होते, स्वतःचा ग्रूमर असलेला माणूस मला अजून भेटायचाय. आणि त्यातले खरंच बिघडलेले फार थोडे निघाले हो. बाकीचे नुसते रुसलेले होते आणि त्यातले काही तर कचऱ्यात जायच्या रस्त्यावरून परत आलेले.

आधी स्वतःची फजिती सांगतो म्हणजे बाकीच्यांना लाजायला कारण उरणार नाही. मागे एकदा प्रवासातून आलो, बॅगेतून ग्रूमर काढला, बटण दाबलं, काही नाही. परत दाबलं, जोरात दाबलं, रिमोटला चालतं ते याला पण चालेल म्हणून पाठीवर दोन थापट्या मारल्या, तरी काही नाही. रात्रभर चार्जिंगला लावला, सकाळी हिरवा लाईट अगदी व्यवस्थित, म्हणजे बॅटरी फुल, आणि वायर काढून बटण दाबलं तर मख्ख. शेवटी सर्विस सेंटरला गेलो. काउंटरवरच्या पोराने ग्लोव्ह घातले, ग्रूमर हातात घेतला, बटण दाबून धरलं, मनातल्या मनात एक दोन तीन मोजलं असणार, आणि घुर्रर्र करून मशीन चालू. "काका, लॉक झाला होता." एवढंच बोलला तो. माझ्या मागे रांगेत पाच-सहा जण, त्यातल्या दोघांना हसू आवरेना. मी थँक्यू म्हणून मशीन खिशात टाकलं आणि निघालो, ते खिशात चालूच आहे हे दारापाशी पोचल्यावर कळलं.

तर याला ट्रॅव्हल लॉक म्हणतात. बॅगेत कशाचा तरी दाब पडून मशीन आपोआप चालू होऊ नये आणि बॅटरी उतरू नये म्हणून ही सोय असते. बऱ्याच मॉडेलमध्ये बटण साधारण ३ सेकंद दाबून धरलं की लॉक लागतं आणि परत तसंच दाबून धरलं की निघतं, काहींचं चार्जरला जोडलं की आपोआप निघतं, काहींवर कुलपाचं एक बारीक चित्र लुकलुकतं जे चष्मा लावून पण नीट दिसत नाही. आता गंमत बघा, लॉक लावायला जे करावं लागतं तेच बॅगेत चुकून होऊन बसतं, म्हणजे बॅग कोंबताना काहीतरी त्या बटणावर रेललं, ३ सेकंद तसंच राहिलं, की झालं. आपण लॉक लावलेलंच नसतं त्यामुळे ते काढायचं डोक्यात येणार कुठून. चार्जिंग फुल, लाईट बरोबर आणि बटणाला अजिबात दाद नाही असं असेल तर पहिला संशय लॉकवरच घ्या, बाकी सगळं नंतर.

हे मॅन्युअलमध्ये नसतं असं नाही, असतं. पण ते मॅन्युअल म्हणजे घडीचा नकाशा, एकदा उघडला की परत तसा मिटत नाही, त्यात ढीगभर भाषा आणि अक्षर मुंगीच्या पायाएवढं, नाहीतर नुसती चित्रं. माझ्या मॅन्युअलमध्ये एक हात, एक बटण, शेजारी ३ चा आकडा आणि घड्याळ असं चित्र होतं. ते मी सर्विस सेंटरला जायच्या आधी चांगलं दोनदा बघितलं होतं. मला वाटलं ३ तास चार्ज करा म्हणतायत.

तेव्हापासून कोणी पिशवी घेऊन आलं की ती सोडायच्या आधी मी दोनच प्रश्न विचारतो. चार्जिंगला लावल्यावर लाईट लागतो का, आणि बटण दाबल्यावर काही आवाज येतो का, अगदी बारीक टिक किंवा हूं एवढा असला तरी चालेल. निम्मं काम इथेच होतं. लाईटही नाही आणि आवाजही नाही तर गडबड बहुतेक सॉकेट, अॅडॅप्टर, केबल नाहीतर चार्जिंगच्या पॉइंटमध्ये, किंवा बॅटरी पार तळाला गेलीय. लाईट लागतो पण आवाज नाही, तर लॉक, नाहीतर बटण गेलंय, नाहीतर मोटरपर्यंत करंट पोचत नाहीये. आणि नुसता हुंकार देऊन गप्प बसत असेल तर ब्लेड अडकलंय किंवा बॅटरीत दम नाही. डोळ्यांनी आणि कानांनी कळणारं एवढं सोडून लोक थेट स्क्रू ड्रायव्हर शोधायला जातात.

अजून एक, यात भले भले फसतात. बरेच बॉडी ग्रूमर चार्जिंगला लावलेले असताना चालतच नाहीत, आणि ते मुद्दाम तसं केलेलं असतं. ही वस्तू ओल्या अंगाने, शॉवरखाली वापरायची म्हणून बनवलेली, मग तिची वायर भिंतीतल्या सॉकेटला जोडलेली असताना ती हातात चालू व्हायलाच नको, म्हणून आत तशी व्यवस्था असते. पण होतं काय, बॅटरी उतरली म्हणून माणूस चार्जरला लावतो, तिथेच उभं राहून बटण दाबतो, मशीन हूं नाही की चूं नाही, आणि तो ठरवून टाकतो की गेला. दाढीचा ट्रिमर वायर लावून चालायचा ना, मग हा का नाही? अहो तो वेगळा, हा वेगळा. थोडा वेळ चार्ज होऊ द्या, वायर काढा, मग दाबा.

आता केबलचं. हे जरा सविस्तर सांगतो कारण हल्ली सगळ्यात जास्त गोंधळ इथे आहे. माझ्या भाच्याचा ग्रूमर (हा पण मित्राचाच) नवाकोरा, सी पोर्टवाला, म्हणजे हल्लीच्या मोबाईलला असतो तो टाईप-सी. सोबत आलेली छोटी केबल कुठेतरी हरवली म्हणून त्याने मोबाईलची केबल लावली, दोन्ही टोकांना सी असलेली, मोबाईलच्याच फास्ट चार्जरला. लाईट लागेना. चार्जर बदलला, सॉकेट बदललं, लॅपटॉपच्या सी पोर्टला लावून बघितलं, तरी नाही. मग पिशवीत पिशवी घालून माझ्याकडे. मी माझी जुनी केबल काढली, एका टोकाला ते जुनं रुंद यूएसबी आणि दुसऱ्या टोकाला सी, जुन्या साध्या चार्जरला लावली आणि लाईट लागला. भाचा म्हणे मामा काय केलंत? काही केलं नाही रे बाबा.

त्याचं कारण असं. जुन्या रुंद यूएसबी पोर्टमध्ये ५ व्होल्ट कायम आलेले असतात, समोर काही जोडलेलं असो नाहीतर नसो. दोन्ही बाजूंना सी असलं की तसं नसतं, तिथे चार्जर आधी समोर कोणी आहे का ते तपासतो आणि ओळख पटली तरच वीज सोडतो. ही ओळख पटायला मशीनच्या सी पोर्टवर ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर बसवायचे असतात, आकाराने मुंगीएवढे. स्वस्तातल्या कितीतरी मशीनांत नेमके तेच बसवलेले नसतात. मग चार्जरच्या हिशोबाने समोर कोणीच नाही, तो गप्प, मशीन गप्प आणि आपण कपाळाला हात लावून. मशीन चांगलं, चार्जर चांगला, केबल चांगली, फक्त त्यांची ओळख करून देणारं कोणी नाही. कंपन्या सोबत रुंद टोकाची केबल देतात त्यामागे बऱ्याचदा हे असतं, पण खोक्यावर कोणी लिहीत नाही की बाबांनो हीच सांभाळा. सी पोर्ट दिसला की माणूस म्हणणारच ना कुठलीही केबल चालेल.

फास्ट चार्जरने मशीन जळलं अशी पण एक तक्रार ऐकतो. नीट बनवलेला फास्ट चार्जर आधी ५ व्होल्टच देतो, समोरच्याने मागितलं तरच पुढे चढतो आणि ग्रूमर बिचारा काही मागत नाही. तरी मॅन्युअलमध्ये साधाच चार्जर वापरा लिहिलं असेल तर साधाच वापरा, वाद कशाला. खरा धोका गोल पिनच्या जुन्या अॅडॅप्टरचा आहे, पिन बसते म्हणून कुठलाही खुपसला जातो, एकावर ५ व्होल्ट लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर १५, आणि दोन्हींची पिन दिसायला जुळी भावंडं. अॅडॅप्टरवरचं ते बारीक लिखाण मशीनवरच्या आकड्याशी जुळतंय का ते बघितल्याशिवाय लावू नका. पॉवर बँकवर पण लोक लावतात आणि सकाळी म्हणतात चार्जच झाला नाही. बरोबर आहे, ग्रूमर एवढा कमी करंट ओढतो की पॉवर बँकेला वाटतं कोणी नाहीये आणि ती झोपून जाते.

बॅटरी तळाला जाणं हा दुसरा मोठा विषय. माझ्या साडूंचा ग्रूमर आठ-नऊ महिने कपाटात पडून होता. काढला, चार्जिंगला लावला, लाईट नाही, पाच मिनिटं वाट बघितली आणि त्यांनी निकाल दिला. आता यात बहुतेक लिथियम-आयनचा एक सेल असतो, त्याचा नेहमीचा व्होल्टेज ३.६ किंवा ३.७, पूर्ण भरला की ४.२ पर्यंत आणि खाली साधारण २.५ ते ३ च्या मध्ये कुठेतरी आतलं सुरक्षा सर्किट बॅटरीचं दार लावून घेतं. पडून राहिलेलं मशीन थोडं थोडं उतरतच असतं, शिवाय आतलं सर्किट पण थेंब थेंब पितं. एवढ्या खाली गेलेल्या सेलमध्ये एकदम करंट सोडला तर तो खराब होतो म्हणून चार्जिंगची चिप आधी अगदी हळू, नेहमीच्या साधारण दहाव्या हिश्श्याने भरते आणि व्होल्टेज जरा वर आला की मगच नीट चार्जिंग चालू होतं. या मधल्या वेळात काही मशीनांचा लाईट लागतच नाही. म्हणजे आत काम चालू असतं आणि बाहेरून दार बंद दिसतं. साडूंना म्हटलं ठेवून जा. अर्ध्या तासाने लाल ठिपका लुकलुकला, संध्याकाळपर्यंत चालू.

म्हणून लाईट नाही लागला तर निदान तास दोन तास तसंच राहू द्या, समोर असताना ठेवा, झोपताना लावून ठेवू नका. मशीन फार थंड असेल तर आधी खोलीत राहू दे, शून्य अंशाच्या खाली लिथियम बॅटरी चार्ज करायची नसते, आणि तापलेल्या गाडीत राहिलं असेल तर निवू द्या. जुन्या मॉडेलमध्ये निकेल-मेटल हायड्राइडचे सेल असतात, एकेक १.२ व्होल्टचा, ते पडून पडून अजून लवकर उतरतात आणि भरायला काहींना ८ तास किंवा जास्त लागतात, तिथे तासाभराने चिडून उपयोग नाही.

आणि ते पूर्ण उतरवूनच चार्ज करा हे कृपया आता बंद करा हो. तो नियम जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळातला. लिथियम-आयन बॅटरी १९९१ साली बाजारात आली, ज्यांच्या कामातून ती घडली त्या तिघांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेलही मिळालं, पण घराघरात अजून जुनाच नियम चालू आहे. दर वेळी शून्यावर आणून मग कपाटात टाकलं की तळाला जायचा रस्ता आपणच मोकळा करून देतो. अर्धवट भरून ठेवली आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा चार्जिंग दिलं तर ती बॅटरी कितीतरी सुखात राहते.

यातलीच एक गोष्ट घाबरवायला म्हणून सांगतो. व्हिडिओ बघून पोरं मेलेल्या सेलला बाहेरून दुसऱ्या बॅटरीच्या वायरी टेकवतात, झटका देऊन उठवायला म्हणून. करू नका. फार दिवस अगदी शून्याला पडलेल्या लिथियम सेलमध्ये आतलं तांबं विरघळून नको तिथे साचलेलं असू शकतं, तो सेल उठला तर आतल्या आत शॉर्ट होऊन पेट घेऊ शकतो. चिपने नाही म्हटलं असेल तर तिचं ऐका.

ब्लेडकडे येतो. बटण दाबलं की एक हुंकार आणि बंद, परत दाबलं परत तेच, असं असेल तर वरचं डोकं काढून बघा. बहुतेकांचं ओढून किंवा ढकलून निघतं, स्क्रू लागत नाही. डोकं काढून बटण दाबलं आणि मोटर मस्त फिरली तर मशीन ठणठणीत आहे, भानगड डोक्यात आहे (मशीनच्या). मोटर गोल फिरते आणि ब्लेडला तर डावी-उजवीकडे हलायचं असतं, म्हणून मोटरच्या टोकावर जरा बाजूला सरकवलेली एक पिन असते ती ब्लेडच्या खाचेत बसते. या पिनभोवती लांब केस गुंडाळले जातात, खाचेत साबण आणि केसांचा लगदा वाळून दगड होतो, आणि डोकं परत लावताना पिन खाचेत न बसता बाजूला चेपली गेली तरी मोटर जाम. जाम मोटर भरमसाट करंट ओढते आणि सर्किट तिला बंद करतं, आपल्याला वाटतं बॅटरी गेली. ब्रशने साफ करा, धुण्यासारखं असेल तर धुवा, पूर्ण वाळवा आणि मशीनचं पातळ तेल एक किंवा दोन थेंब, जास्त नाही. केसांना लावायचं तेल घालू नका, ते काही दिवसांनी चिकट होतं आणि सगळं परत जाम. मी स्वतः घातलेलं आहे म्हणून सांगतो.

चार्जिंगच्या पॉइंटवर हिरवट किंवा पांढरट थर आला असेल तर तो पण करंट अडवतो. चार्जर काढून ठेवायचा, कोरड्या फडक्याने नाहीतर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जरा भिजवलेल्या कापसाने पुसायचं, बाहेर दिसणारा पॉइंट असेल तर साधा खोडरबर पण काम करतो. सी पोर्टमध्ये टाचणी घालून उकरू नका, प्लीज. बटणाचं म्हणाल तर बोटाला टक् असं जाणवायला पाहिजे, ते जाणवत नसेल आणि नुसतं रबर दबतंय असं वाटत असेल तर आतला छोटा स्विच गेलाय, तो बदलणाऱ्याचं काम आहे.

वॉटरप्रूफ या शब्दाबद्दल तर वेगळं पत्र लिहीन. आयपीएक्स ७ म्हणजे १ मीटर खोल साध्या पाण्यात ३० मिनिटं राहिलं तर बिघडणार नाही अशी चाचणी. त्यात गरम पाणी नाही, साबण नाही, वाफ नाही आणि तीन वर्षं वापरून कडक झालेलं रबर तर नाहीच नाही. आयपीएक्स ५ असेल तर ती नुसती पाण्याच्या धारेची चाचणी, बुडवायची नाही. मशीन पाणी प्यायलंय असा संशय असेल तर चार्जरला लावून बघू का हा मोह टाळा, डोकं काढा, पोर्ट खाली करून हवेशीर जागी दिवस दोन दिवस पडू द्या. हेअर ड्रायरची गरम हवा मारू नका, सील आणि बॅटरी दोन्हींना ती नको असते.

एवढं सगळं करून नाही झालं तर मग आतलं काहीतरी गेलंय. वॉरंटी चालू असेल तर उघडू नका. वॉरंटी संपली असेल आणि उघडायचंच असेल तर हे माहीत असू द्या की स्क्रू स्टिकरखाली लपलेले असतात, बॅटरी पट्ट्यांनी डकवून सोल्डर केलेली असते आणि एकदा सील उघडलं की ते मशीन परत शॉवरखाली न्यायचं नाही. मी उघडलेले सगळे ग्रूमर त्या दिवसापासून कोरडे वापरायचे असं सांगूनच परत देतो. आणि बॅटरी फुगलेली दिसली, बॉडीचा सांधा उसवलेला दिसला, गोडसर वास आला, तर तिथेच थांबायचं, ना चार्ज करायचं ना टोचायचं ना दाबून बसवायचं. नेहमीच्या कचऱ्यात टाकू नका, ई-कचरा घेतात तिथे द्या, कचऱ्याच्या गाडीत ते चेपलं गेलं तर आग तिथे लागते.

आता कंपन्यांना काय सांगायचं ते सांगतो, तुमच्या पेपरातून पोचेल तर बरं. बटणाशेजारी बॉडीवरच कुलपाचं ठसठशीत चित्र आणि ३ सेकंद एवढं कोरा, स्टिकर नको, तो आठवड्यात निघतो. पोर्टजवळ कुठली केबल चालते ते लिहा, आणि खरं तर ते दोन रेझिस्टर बसवा म्हणजे लिहायलाच नको. युरोपियन युनियनने मोबाईल, टॅब, इअरफोन असल्या उपकरणांना २८ डिसेंबर २०२४ पासून सी पोर्ट सक्तीचा केला, पण त्या यादीत ट्रिमर, शेव्हर, ग्रूमर नाहीत. त्यांचाच २०२३ चा बॅटरीचा कायदा म्हणतो की १८ फेब्रुवारी २०२७ पासून छोट्या उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आणि बदलता आली पाहिजे, आणि तिथेही मुख्यतः पाण्यात वापरायच्या आणि धुता येणाऱ्या उपकरणांना सवलत ठेवलीय, त्यांची बॅटरी बाहेरच्या जाणकार कारागिराला बदलता आली म्हणजे पुरे. सवलतीचं कारण मला पटतं, सील घरी उघडलं की पाणी आत जाणारच. पण मग तो कारागीर कोण? जो पिशवी सोडायच्या आधीच नाक मुरडतो तो?

त्याची पण बाजू आहे, नाही असं नाही. लोक ग्रूमर जसाच्या तसा नेऊन देतात, केसांसकट, आणि मग अपेक्षा करतात की समोरच्याने हसतमुखाने हातात घ्यावा. कृपा करून आधी डोकं काढून धुवा, बॉडी पुसा, वाळवा. सर्विस सेंटरवाल्यांनीही तेवढंच करावं की काउंटरवर सगळ्यांसमोर "कुठे वापरता?" असं विचारू नये, मशीनला काय झालंय ते विचारावं.

पत्र लांबलं याची कल्पना आहे, ट्रिमर शेवटी तुमच्याच हातात असतो तेव्हा पाहिजे तिथे कापा, फक्त लॉकचं आणि केबलचं तेवढं राहू द्या.

साडूंचा ग्रूमर चार्ज होऊन आठवडा झाला, अजून माझ्या टेबलावरच आहे. काल त्यांनी घरातल्या पोराला पाठवलं होतं, "काकांकडे बाबांचं एक पुस्तक राहिलंय ते घेऊन ये" असं सांगून. मी पण जाड कागदात पुस्तकासारखं पॅक करून ठेवलं होतं, पण पोरगं उचलायला गेलं आणि ते पुस्तक घुर्रर्र करायला लागलं. पॅक करायच्या आधी लॉक लावायचं राहिलं होतं.

आपला,
एक नियमित वाचक
(ग्रूमर माझाच आहे, मित्राचा नाही)